सहा माणसांचं पिठलं

आमच्या सभापतींना स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घेता येत नव्हतं, पण एक मूठ बेसनात सहा माणसं पोटभर कशी जेवतात यावर ते तासभर बोलत. कुणी अडवलं नाही तर दीड तास.

पाण्याचं मी अतिशयोक्तीनं सांगत नाही. त्यांच्या पत्नी शांताकाकू सांगायच्या की हे माठाला टेकून उभे राहतात आणि तिथून मला हाक मारतात, पाणी दे म्हणून. लग्नानंतर पंधरा वर्षांनी एकदा काकू माहेरी गेल्या होत्या, तेव्हा सभापती दोन दिवस शेजाऱ्यांकडं जाऊन पाणी पीत होते. मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्यांना माहीत नव्हतं. तरीही स्वयंपाकावरचा, विशेषतः गरिबांनी करायच्या स्वयंपाकावरचा, त्यांचा अभ्यास गाढा होता.

खरं नाव व्यंकटराव. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी राजीनामा दिला आणि मधल्यामधे ते दहा महिने पंचायत समितीचे सभापती झाले. दहा महिन्यांनी पद गेलं, नाव राहिलं. त्यांच्या दारावरच्या पाटीवर 'माजी सभापती' असं लिहिलंय, पण 'माजी' शब्दावर त्यांनी जाईचा वेल सोडलाय. वेल 'सभापती'वर पसरू नये म्हणून ते तो दर महिन्याला कातरतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. अणदूरला येऊन अठरा वर्षं झाली आणि ही अठराही वर्षं मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. त्यामुळं त्यांची भाषणं मी सभेत ऐकली आहेत, ओट्यावर ऐकली आहेत आणि खिडकी बंद करूनही ऐकली आहेत. विषय एकच, गरिबी. तरुणपणी तालीम केलेला माणूस, पंजा सुपाएवढा. तो पंजा वर करून ते मूठ मिटायचे आणि म्हणायचे, "एवढं बेसन. दोन तांबे पाणी. सहा माणसं. हिशोब चुकतो गरिबाचा, नशीब न्हाय." मग थोडं थांबून दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, "आन् फुकटचं अंगी लागत न्हाय."

लग्नात आशीर्वादाला उभे राहिले की नवरीला पिठल्याचं माप सांगत. माझ्या पुतणीच्या बारशाला त्यांनी पाळण्याकडं बघून काटकसरीवर वीस मिनिटं भाषण केलं. बारा दिवसांची पोर एकटक बघत होती. नंतर ते मला म्हणाले, "लेक हुशार हाय, मुद्दा कळला तिला."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. गावात कुणाला साप चावला, कुणाची बाळंतीण अडली तर यांची जीप पहिली निघायची. सोलापूरच्या दवाखान्यात ते रात्र रात्र बाकड्यावर बसलेत. फक्त पेशंटला घेऊन जाताना वाटेत त्याला विचारायचे, "सकाळी काय खाल्लं हुतं?" आणि जे खाल्लं असेल त्यापेक्षा स्वस्तात काय झालं असतं ते नळदुर्ग येईपर्यंत समजावून सांगायचे.

शांताकाकू गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. त्यानंतर त्यांच्याकडं एक बाई दोन वेळचा स्वयंपाक करून जायची. भाषणात काही फरक पडला नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन काढणीत पाऊस लागून राहिला आणि सोयाबीन शेतातच कुजलं. ज्यांचं शेत त्यांचं नुकसान झालंच, पण जे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात त्यांच्या हाताला दोन महिने कामच नव्हतं. मला ते वर्गात कळलं. तिसऱ्या तासाला पोरं डोकं टेकायला लागली. मी बचत गटाच्या बायकांना बोलावलं आणि आम्ही मारुतीच्या देवळाच्या ओवरीत दोन पिंपं ठेवली, एकात ज्वारी, एकात डाळ. ज्याच्याकडं आहे त्यानं टाकावं, ज्याला नाही त्यानं न्यावं, कुणी कुणाला विचारू नये. बायकांनी त्याला धान्याचा कट्टा म्हणायला सुरुवात केली.

उद्घाटनाला सभापतींना बोलवायची कल्पना माझी. नाही बोलावलं तर ते तीन वर्षं रुसतील, एवढाच विचार मी केला होता. ही चूक माझीच.

ते आले ते गॅसची शेगडी, पातेलं आणि बेसनाची पिशवी जीपमध्ये घालून. ओवरीतच टेबल लावायला लावलं. समोर सगळं गाव. त्यांनी गर्दीतून सहा जणांना वर बोलावलं, ओळीनं बसवलं आणि जाहीर केलं की आज बोलणं नाही, आज प्रयोग. मग शेगडीसमोर उभं राहून त्यांनी बटण फिरवलं. पेटली नाही. पुन्हा फिरवलं. सिलेंडरचा कॉक उघडायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच रांगेत गोदामावशी बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, एकट्या, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी केलेल्या. सभापतींच्या शेतातही केलेली. त्यांच्यानं बघवलं नाही. त्या उठल्या, कॉक उघडला, शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं. सभापती म्हणाले की छान, सूचनेप्रमाणं चाललंय. गोदामावशींनी फोडणी केली, पाणी ओतलं आणि बेसनाच्या पिशवीत हात घातला. मग हात तसाच ठेवून त्यांनी वर बघितलं.

"मूठ कुणाची घिऊ, मालक? तुमची का माझी?"

सगळी ओवरी हसली. मावशींचा हात चिमणीएवढा. सभापतींनी क्षणभर स्वतःच्या पंजाकडं बघितलं आणि म्हणाले, "मूठ म्हंजे मूठ. तुमचीच घ्या." तिथंच त्यांचा प्रयोग बुडाला, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. पातेल्यात जे झालं त्याला पिठलं म्हणणं म्हणजे पिवळ्या पाण्याचा मान ठेवणं. सहा जणांना एकेक पळी मिळाली. स्टेजवर बसवलेल्या माणसाला भूक लागलेली असली तरी लाज जास्त असते, त्यामुळं सहाही जणांनी पोट भरल्याची मान हलवली. सभापतींनी विजयी चेहऱ्यानं गावाकडं बघितलं.

इथं थांबले असते तर आम्ही हसून घरी गेलो असतो. पण त्यांना भाषण चढलं. ते म्हणाले की या गोदावरीबाईंसारखी हात चालणारी माणसं कट्ट्यावर आली तर गाव आळशी होईल. रेशनच्या मशीनवर यांचा अंगठा उमटत नाही म्हणतात, तर तो का उमटत नाही याची आधी चौकशी झाली पाहिजे. मशीन खोटं बोलत नाही.

गोदामावशी तोपर्यंत पातेलं घासत होत्या. त्यांनी ते उपडं घातलं, पदराला हात पुसले आणि निघून गेल्या. आदल्या दिवशी त्यांनीच मला हात दाखवला होता. खुरपं धरून धरून अंगठ्यावरच्या रेघा नाहीशा झाल्या होत्या, काच असावी तसा गुळगुळीत. दुकानदार चांगला माणूस, पण मशीन ओळख देईना, म्हणून तीन महिने त्यांचं धान्य बंद होतं.

त्यानंतर त्या कट्ट्यावर आल्या नाहीत. त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी बायका यायच्या थांबल्या. पिंपं भरलेली राहिली आणि माझी पोरं तिसऱ्या तासाला झोपत राहिली. शेवटी आम्ही पोरांच्या दप्तरातून डाळ पाठवायला लागलो.

मी सभापतींशी बोलणं टाकलं. पहिला आठवडा त्यांना कळलंच नाही, कारण आमच्या दोघांतलं बोलणं तसंही तेच करत. मग एके दिवशी त्यांनी ओट्यावरून विचारलं, "बाई, घसा बसला का?" मी म्हटलं, नाही, मन बसलंय, आणि दार लावून घेतलं.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीनं, मीनानं, त्यांना इंग्लंडला नेलं. मीना त्यांना उशिरा झालेली, माझ्याच हाताखाली शिकलेली, नर्सिंग करून तिकडं गेलेली. ती आणि जावई दोघंही एकाच दवाखान्यात. घराची किल्ली ठेवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून किल्ली माझ्याकडं आली, आणि किल्लीबरोबर सभापतींचे फोनही आले. आमची मधली सुट्टी म्हणजे तिकडची सकाळ. रोज दीड वाजता शाळेच्या पटांगणात माझा फोन वाजायचा. घरावर लक्ष आहे ना, असं विचारायचे आणि मग इंग्लंडचं वर्णन सुरू व्हायचं. किल्ली घेतली होती, त्यामुळं ऐकणं भाग होतं.

तिथं त्यांची मोठी पंचाईत झाली होती. मुलगी-जावई पाळ्यांवर, स्वयंपाकाला बाई मिळत नाही, आणि थंड ब्रेड खाऊन यांचा जीव रंजीस आलेला. बाहत्तराव्या वर्षी सभापतींनी पहिल्यांदा फोडणी टाकली. तिथल्या घरांत छताला धुराची डबी बसवलेली असते. मोहरी तडतडली की ती बोंबलायची, जावई रात्रपाळी करून झोपलेला उठून टॉवेल फिरवत यायचा. सभापतींचं मत असं पडलं की इंग्रजांनी घर बांधताना मोहरीचा विचारच केलेला नाही. पण ते शिकत गेले. भाकरीच्या वेळी हात भाजला, त्याचा फोटो मला आला. वरणाला मीठ किती, हे त्यांनी मला विचारलं तेव्हा अबोला मोडून मी हसले.

मग एका सोमवारी ते वेगळ्याच आवाजात बोलले. मीना आणि तिच्या मैत्रिणी शनिवारी गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये मदतीला जातात. तिथं लोक डबेबंद जिन्नस आणून देतात आणि ज्यांच्या घरात काही नाही ते पिशवी भरून नेतात. सभापती घरी एकटे कंटाळतात म्हणून ती त्यांनाही घेऊन गेली होती. डब्यांवरच्या तारखा बघून लावायचं काम त्यांना दिलं.

आधी त्यांना धक्काच बसला. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्याकडंही फुकटच्या धान्याला माणसं उभी राहतात, हे त्यांच्या हिशेबात कुठं बसेना. त्यांनी मला सांगितलं की रांग मात्र लई सरळ.

त्या शनिवारी तिथं एक पुढारी आले होते. आपल्याकडचे खासदार तसे. त्यांनी भाषण केलं आणि मीना वडिलांच्या कानात मराठीत सांगत होती. पुढारी म्हणाले की या देशात खरी गरिबी नाही, लोकांना स्वयंपाक येत नाही ही अडचण आहे. नीट हिशेब केला तर चिल्लर पैशांत ताजं जेवण होतं. नुसतं वाटत गेलं तर लोक त्यावरच राहतील.

"बाई," सभापती मला म्हणाले, "ते माझं भाषण हुतं. शब्दाला शब्द. मला वाटलं, कुणी तरी टेप करून धाडलं काय."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. सुपाएवढ्या पंजाच्या टाळ्या, भरलेल्या हॉलमध्ये, एकट्याच्या. सगळ्यांनी वळून बघितलं. पुढारी खूश झाले, खाली येऊन यांच्याशी हात मिळवला, यांच्या हातात पिशवी देऊन फोटो काढला. म्हणजे ज्या माणसाची सदतीस एकर जमीन आहे त्याचा मदत घेताना इंग्लंडच्या पुढाऱ्याबरोबर फोटो निघाला.

पुढारी गेल्यावर रांगेतली एक बाई टेबलाशी आली. अंगावर दवाखान्यातले कपडे. मीनाच्याच वॉर्डात फरशी पुसायचं काम करणारी, पाळी संपवून थेट आलेली. मीनाला बघून तिनं आधी मान खाली घातली आणि मग हळूच काहीतरी सांगितलं. मीनानं ठेवलेले तांदूळ, डाळ परत काढले आणि दुसरंच काही भरलं. सभापतींनी विचारलं, काय म्हणाली. मीना सांगेना. त्यांनी हट्टच धरला तेव्हा तिनं सांगितलं की एका खोलीत राहते, खोलीला चूल नाही, पाणी उकळायची किटली तेवढी आहे. गरम पाणी ओतून जे होईल तेच द्या म्हणते.

सभापतींनी विचारलं, "पण सैपाक येतो का तिला?"

मीना म्हणाली, "बापू, आधी ती शाळेत स्वयंपाकीण होती. दोनशे पोरांचं करायची."

हे सांगून सभापती म्हणाले, मधली सुट्टी संपली असंल तुमची, आणि फोन ठेवला. पुढं तो फोटो तिथल्या पेपरात छापून आला. पेपरात फोटो येऊनही त्यांनी तो कुणाला दाखवला नाही, असं त्यांच्या आयुष्यात एकदाच घडलं. मला मीनाकडून कळलं.

त्यांनी मनाशी ठरवलं की हॉलमधल्या सहा मदतनिसांना आपल्या हातचं पिठलं खाऊ घालायचं. मला फोन करून जिरं का मोहरी ते विचारून घेतलं. पुढच्या सोमवारी नेहमीसारखा दीडचा फोन आला. मी विचारलं, झालं का पिठलं? त्यांनी थेट उत्तर दिलं नाही.

"बाई, एक मूठ बेसनात सहा माणसं जेवतात का हो?"

मी म्हटलं, "नाही, सभापती. दोन जेवतील. तुमची मूठ असली तर अडीच."

"म्या माझीच मूठ घेतली हुती. तिघांत संपलं." मग ते म्हणाले, "दुष्काळाच्या सालात आमी घरात सहा माणसं. आई, बाप, दोन भाऊ, म्या आन् शांता. ती नवी नवरी. मूठभर पीठ आन् सहा जणाचं झालं म्हणायची. आमी पाच जण पोटभर जेवायचो, बाई. ती मागनं बसायची. म्या चाळीस वरसं सगळ्याला तेच सांगत आलो." मग त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. "मग शांता काय खात हुती?"

पटांगणात पोरं लंगडी खेळत होती. मी म्हटलं, तुम्ही परत या.

ते मार्चमध्ये आले. गावानं सत्कार ठेवला होता, विलायतेहून आल्याचा. माइक लावला, दीड तासाची तयारी म्हणून बायकांनी घरची कामं आधीच उरकून घेतली होती. सभापती उभे राहिले, म्हणाले की तिकडं थंडी लई हाय, माणसं आपल्यासारखीच हायत, आणि खाली बसले. लोकांना वाटलं माइक बंद पडला. मागच्या एकानं उठून वायर तपासली.

दुसऱ्या दिवशी ते गोदामावशींच्या दारात. मला सोबत नेलं, कारण एकट्यानं जायची हिंमत नव्हती. मावशींनी दार अर्धंच उघडलं. "भाषन असंल तर म्या ऐकलंय, मालक," एवढंच म्हणाल्या. सभापती म्हणाले की भाषण नाही, अंगठ्याचं बघू. आणि मग, दाराच्या चौकटीकडं बघत, "त्या दिवशी म्या चुकलो. तुमचं नाव घ्यायला नको हुतं." मावशींनी अर्धं राहिलेलं दार पूर्ण उघडलं. मग विचारलं की कधी जायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघं रिक्षातून नळदुर्गला सेवा केंद्रात गेलो. सभापतींनी जीप काढली नाही. मोठी रांग होती. केंद्रातल्या मुलीनं त्यांना ओळखलं आणि खुर्ची देऊन पुढं बोलावलं, पण हे मावशींच्या मागं उभे राहिले. त्यांचंही काम होतंच. तासाभरानं मावशींनी मागं वळून विचारलं, "तुमी कशाला उभा ऱ्हायलाव?"

"शेतकऱ्याच्या अनुदानाची केवायसी करायची हाय."

"म्हंजे सरकार तुमाला पैसं देतंय."

"व्हय."

"कशाचं?"

सभापती विचारात पडले. खरंच त्यांना सांगता येईना. मावशी शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे फुकटचंच की." त्यांच्यामागं उभी असलेली सगळी रांग हसायला लागली, आणि मग सभापतीही. खांदे हलेपर्यंत हसले. मी त्यांना स्वतःवर हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण खरी गंमत पुढंच होती. मावशींचा अंगठा मशीननं घेतला नाही, ते अपेक्षितच होतं. त्या मुलीनं सांगितलं की डोळ्यांवरनं ओळख पटवता येते, आणि डोळ्यांचं यंत्र काढून मावशींच्या समोर धरलं. मावशींनी डोळे इतके मोठे केले की मुलगी म्हणाली, आजी, एवढे नकोत. हिरवा दिवा लागला. गावातल्या दुकानातही तसं यंत्र आलंय, तिथं डोळे दाखवून धान्य मिळेल, असं तिनं दोनदा समजावून सांगितलं.

मग सभापतींनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. दुसरा ठेवला, तरी तेच. मुलीनं त्यांचा पंजा उताणा करून बघितला. तव्याचे चटके, तेलाचे फोड, भाकरी उलटताना भाजलेली बोटं. तिनं विचारलं, काका, तुम्ही काय काम करता?

मावशींनीच सांगितलं, "सैपाक." आणि सभापतींचा दंड धरून त्यांना डोळ्यांच्या यंत्रासमोर बसवलं.

परत येताना रिक्षात मावशी बोलत होत्या आणि सभापती ऐकत होते.

आता आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ओवरीत जेवण असतं. सभापती सकाळपासून तिथंच असतात. कमरेला टॉवेल, हातात उलथनं, आणि कुणी बोलायला थांबलं तर म्हणतात, बाजूला व्हा, करपंल. बाजाराला आलेली माणसं, मजूर, मेंढ्या घेऊन चाललेले धनगर, हायवेवरचा एखादा ट्रकवाला, जो येईल तो बसतो. पिंपंही आहेत, ती रिकामी होतात आणि पुन्हा भरतात. माझी पोरं तिसऱ्या तासाला जागी असतात, त्यामुळं मला आता जास्त शिकवावं लागतं. मध्ये तालुक्याचे एक पुढारी फोटो काढायला आले होते. सभापतींनी त्यांच्या हातात कांद्यांची पाटी दिली. चार कांदे चिरल्यावर पुढारी डोळे पुसत गाडीत बसले, आणि तोच फोटो निघाला.

त्यांची एकच तऱ्हा राहिली आहे, आणि ती नवी आहे. बायकांना ते आधी बसवतात. वाढणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, भांडी घासायला आलेल्या, सगळ्या आधी. पुरुष ओवरीबाहेर उभे राहून कुरकुर करतात. सभापती ऐकत नाहीत. वाढून झालं की कढई घेऊन समोर उभे राहतात आणि जेवणाऱ्या बाईच्या ताटाकडं नाही, तोंडाकडं बघत राहतात. नव्या आलेल्या बायका अवघडतात, जुन्यांना सवय झाली आहे.

गेल्या बाजारी मी मधल्या सुट्टीत गेले तेव्हा गोदामावशी पहिल्या पंगतीत बसल्या होत्या. त्या दर बाजारी येत नाहीत, आणि आल्या तरी आधी दोन तास भाकरी थापतात, त्याशिवाय बसत नाहीत. त्यांनी पिठल्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं. सभापतींनी मान्य केलं. मग त्यांनी कढई पुढं केली आणि अजून घ्या म्हणाले.

"नको. प्वाट भरलं."

सभापती हलले नाहीत. पळी तशीच धरून उभे. "खरं सांगा, गोदाबाई."

"भरलं म्हनलं की."

ते मावशींसमोर उकिडवे बसले. गुडघे दुखतात त्यांचे, कढई सांभाळत बसायला वेळ लागला. आवाज इतका खाली आला होता की शेजारी बसलेल्या मलाच तेवढा ऐकू आला. "बाया खोटं बोलत्यात. मला ठावं हाय. कढईत लई हाय अजून, बगा."

मावशींनी कढईत डोकावून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. भाकरीचा शेवटचा तुकडा हातातच होता. त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि ताट पुढं सरकवलं.

"वाढा मग थोडं."